अवेळी आलेलं पाणी

पहिल्या नरेशनला मी तो सीन फार रंगवून वाचला. रात्र, बाई एकटी, पलंगावर आडवी. वर छताला ओलीचा डाग. डाग पसरत जातो, मधोमध एक थेंब फुगतो, सुटतो आणि थेट तिच्या कपाळावर पडतो. मी वाचायची थांबले. निर्माते दोन क्षण गप्प बसले आणि म्हणाले, "मॅडम, तिला सांगा सोसायटीला पत्र टाक म्हणून."

सगळे हसले. मीही हसले. पण अंधेरीहून बोरिवलीला पोचेपर्यंत त्या वाक्यानं माझं डोकं खाल्लं, कारण माणूस बरोबर बोलला होता. माझ्याच बेडरूमच्या छताला तसला डाग आहे, तीन पावसाळे झाले. मला त्याची भीती कधीच वाटलेली नाही. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा राग मात्र रोज येतो.

काम असं होतं की हिदेओ नाकाता यांचा २००२चा जपानी चित्रपट 'डार्क वॉटर' मराठीत करायचा. हक्कांची बोलणी निर्माते करत होते. त्यातही दोन थर होते, कारण चित्रपट कोजी सुझुकी यांच्या कथेवर आहे, म्हणजे कथेचे हक्क वेगळे, चित्रपटाचे वेगळे. ती डोकेदुखी वकिलांची. माझ्याकडे पटकथा-संवाद. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी इथून पुढे आपापल्या जबाबदारीवर वाचावं, मी शेवट सांगून टाकणार आहे. घटस्फोटाच्या भानगडीत अडकलेली एक आई आणि तिची लहान मुलगी एका कळकट इमारतीत राहायला येतात. छत गळतं. गच्चीवर लहान मुलीची लाल पर्स सापडते, फेकली तरी परत येते. पिवळा रेनकोट घातलेली एक मुलगी अधूनमधून दिसते. ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पडून मेलेली असते आणि ते कुणाला कळलेलंच नसतं. तिला आई हवी असते. शेवटी ही बाई स्वतःची मुलगी वाचावी म्हणून त्या मेलेल्या पोरीची आई व्हायला कबूल होते.

बस, एवढंच. चाकू नाही, किंकाळ्यांचा मारा नाही. माझ्या मते त्या काळातल्या सगळ्या जपानी भयपटांत हा सगळ्यात दुःखी आहे.

पहिला ड्राफ्ट मी तीन आठवड्यांत लिहिला आणि आता तो काढून वाचवत नाही. योशिमीची यशोदा केली, इकुकोची ईशा केली, तोक्योचं गिरगाव केलं, आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. दिग्दर्शक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यानं वाचून एवढंच म्हटलं, "ताई, यशोदा नाव भारी आहे. दुसऱ्याच्या पोराची आई." मी तसा विचारच केला नव्हता, 'य'वरून सुचलं म्हणून लिहिलं होतं. अर्थात त्याला तसं सांगितलं नाही.

पावसाचंच घ्या. मूळ चित्रपटात पाऊस थांबतच नाही आणि त्या पावसानं जीव उदास होतो. तोक्योत वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस मुंबईत चार महिन्यांत पडतो, दोन हजार मिलिमीटरच्या वर. ज्या पावसात जपानी बाई खचते त्या पावसात आपण कांदाभजी तळतो, नाहीतर लोकल बंद आहेत का ते बघतो. निर्मात्यांनी तोडगा काढला, २६ जुलैच्या दिवशी घडवू. या चित्रपटाचा अमेरिकी अवतारही २००५च्या जुलैतच आला होता, हा योगायोग त्यांना फार आवडला होता. मी नाही म्हटलं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि माणसं खरोखर मेली. त्या पाण्यात भूत सोडायची माझी तयारी नव्हती. शिवाय त्या दिवसाची प्रत्येकाकडे स्वतःची गोष्ट आहे. प्रेक्षक आमची ऐकणार कशाला?

तो अमेरिकी अवतारही मी तीनदा पाहिला, वॉल्टर सॅलेस यांचा, जेनिफर कॉनेली असलेला. त्यांनी गोष्ट न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट आयलंडवर नेली, आईच्या बालपणाला जास्त जागा दिली, तिचं दुखणं नीट उलगडून दाखवलं. चित्रपट वाईट नाही. पण जिथे जिथे उलगडून सांगितलंय तिथे तिथे माझी भीती कमी झाली, हे मी वहीत लिहून ठेवलं आणि ते पान दुमडून ठेवलं.

काही गोष्टी मात्र अशा बसल्या की जणू इथल्याच असाव्यात. मूळ गोष्टीतला ताण हा की आईच्या हातून मुलगी जाईल. जपानमध्ये तेव्हा घटस्फोटानंतर मुलाचा ताबा एकाच पालकाकडे जायचा. दोघांकडे ठेवायची सोय करणारा बदल त्यांनी २०२४ साली केला. आपल्याकडे काय, हे विचारायला मी वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात काम करणाऱ्या एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मधलं कलम ६ उघडून दाखवलं. पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा 'सामान्यतः' आईकडे. मी विचारलं, पाच पूर्ण झाल्यावर काढून घेतात का? त्या म्हणाल्या, "असं नाही हो. मुलाचं हित बघतात. पण तो 'सामान्यतः' तुमच्या बाजूनं उभा असतो ना, तो निघून जातो." मला माझं घड्याळ मिळालं. ईशाचा पाचवा वाढदिवस. सगळी इमारत केकची वाट बघतेय आणि आई एकटीच तारखेला घाबरतेय.

भयपटाचा जुना प्रश्न असतो, घर सोडून का नाही जात? अमेरिकनांना त्याचं उत्तर जुळवायला बरेच कष्ट घ्यावे लागले असतील. मुंबईत ते एका वाक्यात मिळालं. अकरा महिन्यांचा करार, त्यात सहा महिन्यांचा लॉक-इन, आणि दीड लाख डिपॉझिट मालकाकडे अडकलेलं. त्याआधी तीन ठिकाणी एजंटनं "मिस्टर कुठे असतात?" विचारून फाटक बंद केलेलं. हा सीन वाचला तेव्हा ऑफिसात चहा आणणारा मुलगासुद्धा मान हलवत होता.

टाकीचं झाकण उघडं का राहिलं, यालाही आपलं उत्तर होतं. मूळ चित्रपटात टाकीच्या देखभालीसाठी झाकण काढलेलं असतं. आमच्याकडे मलेरियावाले आले. पालिकेची माणसं गच्चीवर चढून टाक्यांत डासांच्या अळ्या आहेत का बघतात, झाकण नीट नसेल तर नोटीस देतात. म्हणजे पोरीचा जीव गेला तो कुणाच्या तरी चोख कामामुळे. टाकी तपासली, रजिस्टरवर सही झाली, वॉचमननं झाकणावर दगड ठेवायचा होता, तेवढ्यात त्याला खालून हाक आली.

पर्सचं काय करायचं, यावर मात्र दोन मीटिंगा गेल्या. निर्मात्यांना बाहुली हवी होती. बाहुली म्हटली की प्रेक्षक आधीच हात चोळत बसतो. शेवटी आर्टमधल्या एका मुलीनं, जी एरवी मीटिंगमध्ये तोंड उघडत नसे, हळूच विचारलं, "वॉटरबॅग चालेल का?" लाल प्लॅस्टिकची, गळ्यात पट्टा अडकवायची, बालवाडीत प्रत्येकाकडे असते ती. आणि ती जेव्हा जेव्हा सापडेल तेव्हा भरलेली असेल. खोलीत कुणी बोललं नाही. माझ्या अंगावर पहिल्यांदा काटा आला तो तेव्हा.

मग आल्या सासूबाई. त्या कणकवलीकडच्या. मेथी निवडताना मी त्यांना गोष्ट सांगितली. त्यांनी टाकीतल्या मुलीपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाऱ्हाणं घातलं का तिनं? पाण्यातलं आहे ना, साती आसरांचं असणार. नारळ ठेवायचा, ओटी भरायची, संपलं." एका मिनिटात त्यांनी माझा चित्रपट मिटवून टाकला होता. आणि हे त्यांचं एकटीचं मत नव्हे. आपल्याकडे प्रत्येक भुताला उपाय असतो. मुंजाला पिंपळ असतो, हडळीला उतारा असतो, पितरांना भाद्रपदातला पंधरवडा असतो. जपानी चित्रपटात भूत उपायाला बधत नाही, आणि तिथल्या प्रेक्षकाला ते ठाऊक असतं. आपला प्रेक्षक मध्यंतरात सामोसा खाताना विचारणार, "अरे, कुणाला दाखवत का नाहीत?"

दिग्दर्शकाला साती आसरा इतक्या आवडल्या की तो पोस्टरपर्यंत पोचला. मी आडवी आले. आसरा आणल्या की ते दैवत झालं. मग ती पोर राहत नाही आणि तिला आई नको असते, मान हवा असतो. आठवडाभर वाद झाला. अखेरीस मी शेजारणीच्या तोंडी सासूबाईंचं वाक्य जसंच्या तसं घातलं आणि उपाय खरोखर करून टाकला. गच्चीवर नारळ, खण, तांदूळ, हिरव्या बांगड्या, सगळं रीतसर. सकाळी सामान जागच्या जागी, कुणी हातही लावलेला नाही. फक्त बांगड्यांतली एक, सगळ्यात लहान मापाची, ईशाच्या हातात. ती म्हणते, "तिला मोठ्या होतात."

एवढं जमलं तरी मूळ दुखणं होतं तिथेच होतं. गळकं छत कुणाला घाबरवत नव्हतं, आणि तो तर चित्रपटाचा पायाच.

ते सुटलं ते माझ्या लहानपणामुळे, असं मी काही दिवस मिरवलं. मी गिरगावात वाढले. आमच्याकडे पहाटे साडेचारला पाणी यायचं आणि सहाला जायचं. पाणी यायच्या आधी नळातून हवा सुटते, खर्रर्र, मग दोन उचक्या, थोडं गढूळ, मग धार. त्या आवाजानं आई झोपेतून उठायची, गजराची गरज नसे. तर मी म्हटलं, आपल्याकडे गळणारं पाणी भीतीदायक नाही. अवेळी येणारं पाणी भीतीदायक आहे! दुपारी दोन वाजता, सगळी इमारत कोरडी असताना, मोरीतला नळ खर्रर्र करतो. दिग्दर्शक खुर्चीवरून उठला. विहार, तुळशी, तानसा, भातसा, सगळे तलाव एकदम सापडल्यासारखा आनंद झाला आम्हाला.

निर्मात्यांनी पूर्ण पैसे सोडण्याआधी पाच मिनिटांचा नमुना मागितला. एक दिवस, एक खोली, छोटं युनिट. गिरगावातली जुनी इमारत मिळाली, दुसरा मजला, एका काकूंची खोली. आमचा साउंड रेकॉर्डिस्ट हट्टी, त्याला लायब्ररीतला आवाज नको होता. तो आदल्या पहाटे चार वाजता बूम घेऊन मोरीत उभा राहिला, मागे गाउनवर काकू, पांघरुणातून डोकं काढलेले काका, आणि सगळे श्वास रोखून नळाकडे बघतायत. चार पस्तीसला नळ बोलला. त्यानं हेडफोन काढून माझ्याकडे असं पाहिलं की जणू लता मंगेशकरांचा टेक झाला.

शूटिंगसाठी आर्टवाल्यांनी पालिकेची लाइन बंद केली, माळ्यावर दोनशे लिटरचे निळे ड्रम चढवले आणि लहान पंप लावून पाइप नळाला जोडला. एका ड्रममध्ये चहाची पूड उकळून घातली होती, सुरुवातीच्या गढूळ पाण्यासाठी. दुपारी दोनचा शॉट. नटी मोरीच्या दाराशी, पाठमोरी, पोरीचा फ्रॉक पिळतेय. ॲक्शन. नळ खर्रर्र. ती दचकते, वळते, एक पाऊल मागे सरते. सुंदर केलं तिनं. धार पडायला लागली, कॅमेरा हळूहळू जवळ जातोय, आणि गॅलरीतून आरोळी आली, "पाणी आलं गं, पाणी आलं!"

तीन दारं उघडली. तीन बायका बादल्या घेऊन गॅलरीत. आमचा प्रॉडक्शनचा मुलगा हात पसरून अडवतोय, त्याला ढकलून एक आत. आणि मॉनिटरच्या मागे इतका वेळ शहाण्यासारख्या बसलेल्या आमच्या काकू उठल्या, सरळ फ्रेममध्ये शिरल्या आणि नटीला म्हणाल्या, "अगं बघत काय राहिलीस, बादली लाव!"

दिग्दर्शकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सगळे हसत होते, मी सोडून. कारण निर्मात्यांचं "सोसायटीला पत्र टाक" आणि काकूंचं "बादली लाव" एकच होतं. अवेळी पाणी आलं तर मुंबईतली बाई दचकत नाही. लॉटरी लागते तिला. मी गिरगावात वाढलेली, आणि हे मला कळू नये? आईसुद्धा दुपारी नळ बोलला असता तर आधी पिंपाकडेच धावली असती. मी भीती तोक्योहून आणली होती, नळ तेवढा इथला बसवला होता.

जेवणाचा ब्रेक लवकर करायला सांगितला आणि जिन्यात बसून कॉलशीटच्या मागे सीन नव्यानं लिहिला. आता नळ बोलतो आणि यशोदा हरखते. बादली लावते. बादली भरते, कळशी लावते. हंडा, पिंप, तपेली, कुकरचा डबा, ईशाची बाहुल्यांची भांडी. ईशा टाळ्या पिटतेय. यशोदा घाम पुसत हसतेय, बऱ्याच दिवसांनी हसतेय. टमरेलसुद्धा भरतं. आता घरात रिकामं काही नाही. ती नळ बंद करते. धार चालूच. पुन्हा पिळते. चालूच. मग ती गॅलरीत डोकावते आणि समोरच्या बाईला सहज विचारते, "तुमच्याकडे पण आलंय ना?"

"नाही गं. दुपारचं कुठलं पाणी?"

यशोदा आत बघते. दिवाणाखाली, ओट्यावर, उंबऱ्यापर्यंत ओळीनं मांडलेली भरलेली भांडी. तिनं स्वतःच्या हातानं घेतलेलं पाणी. आणि त्यातलं ग्लासभर ईशा पिऊन बसलीय.

संध्याकाळी साडेसहाला हे शूट केलं. कटकट अशी की प्रत्येक टेकला सगळी भांडी रिकामी करायची. पहिल्या टेकनंतर स्पॉटदादा मोरीत ओतायला लागला तर गॅलरीतून अशा नजरा आल्या की त्यानं हातातली बादली खाली ठेवली. मग प्रत्येक टेकनंतर पाणी परत ड्रममध्ये, बादलीनं, साखळी करून. चौथ्या टेकपर्यंत लाइटवाले आणि शेजारणीही साखळीत. "नाही गं, दुपारचं कुठलं पाणी?" हे वाक्य आम्ही नटीऐवजी समोरच्या खोलीतल्या खऱ्या बाईंकडून म्हणवून घेतलं. त्यांनी ते लसूण सोलत, मान वर न करता म्हटलं. तसं मला कितीही लिहून जमलं नसतं. कट झाल्यावर काकू काही बोलल्या नाहीत. पाइप केव्हाच काढलेला होता, तरी त्यांनी जाऊन नळ एकदा घट्ट पिळला.

नमुना निर्मात्यांना आवडला. पत्राचा विषय निघाला नाही. वाद गेला शेवटाकडे. त्यांचं म्हणणं, आईनं स्वतःची मुलगी सोडून मेलेल्या मुलीबरोबर जायचं हे मराठी प्रेक्षक घेणार नाही. "आपल्याकडे हिरकणी आहे मॅडम. आई कडा उतरून येते." मी म्हटलं, हिरकणी आलीच होती, पण इथे कडा उतरून खाली पोचल्यावर तिला दोन पोरं रडताना दिसतायत, आणि एक दुसरीचा गळा धरून बसलीय. त्यांना पटलं नाही. दिग्दर्शकानं मधेच विशाल फुरिया यांचं उदाहरण काढलं, त्यांनी आपलाच मराठी 'लपाछपी' २०२१ साली हिंदीत 'छोरी' म्हणून केला आणि उसाचं शेत दोन्हीकडे चाललं. त्याचा आमच्या भांडणाशी काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही, पण त्यामुळे विषय थंड झाला आणि शेवट वाचला. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट, भोवतीनं फिरत जाणारा जिना, ईशा धावत प्रत्येक मजल्यावर पोचते आणि जाळीतून आई तेवढ्यातच वर सरकलेली असते. मूळ चित्रपटातली लिफ्ट बंद पेटीसारखी आहे. आमच्या लिफ्टमध्ये सगळं दिसतं, हे मला जास्त क्रूर वाटतं. दहा वर्षांनंतरचा प्रसंग इमारत रिडेव्हलपमेंटला गेल्यावरचा होता. पात्र रहिवाशांच्या यादीत यशोदाचं नाव नाही, कारण ती अकरा महिन्यांच्या करारावरच होती.

पाचवा ड्राफ्ट दिला त्याच महिन्यात पैसे घालणारे दुसरे भागीदार बाजूला झाले. हक्कांची बोलणीही पुढे सरकली नाहीत. माझे दोन हप्ते मिळाले, तिसरा राहिला. पटकथा कपाटात आहे. तो पाच मिनिटांचा नमुना दिग्दर्शक अजून लोकांना दाखवतो, कामं मागताना.

पॅकअपच्या रात्री ड्रम खाली उतरवायला माणसं कमी पडली, तेव्हा काकू म्हणाल्या, राहू दे एक. चहाचा नको, दुसरा. आम्ही ठेवला. मग गणपतीच्या आधी त्यांचा फोन आला. मला वाटलं पिक्चर कधी येणार विचारतील. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे दोन दिवस पाणी नाहीये. तुमचं शूटिंग परत कधी आहे?"